बारावा गडी

क्रिकेटच्या संघात अकरा गडी खेळतात आणि बारावा पाणी घेऊन मैदानात पळतो, हे तुमच्या घरातले शाळकरी पोरही सांगेल. त्या बाराव्याचे नाव सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. पण अमेरिकेत एक विद्यापीठ असे आहे, की तेथे सर्वांत मोठा मान या बाराव्या गड्याचाच. आणि ते विद्यापीठ मूळचे शेतकीचे, म्हणून त्याची हकीकत तुम्हांला सांगावीशी वाटते.

टेक्सास प्रांतात १८७६ साली शेती आणि यंत्रविद्या शिकवणारे एक सरकारी कॉलेज निघाले. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला होता. त्याने प्रत्येक प्रांताला अशा शिक्षणासाठी सरकारी जमीन दिली. त्या जमिनीच्या पैशातून जी कॉलेजे उभी राहिली त्यांतलेच हे एक. भारतातली कृषी विद्यापीठे, १९६० सालच्या पंतनगरपासून पुढची, याच नमुन्यावर बेतली गेली, म्हणजे राहुरी, परभणीशी त्याचे लांबचे का होईना, नाते लागते. टेक्सासच्या त्या कॉलेजचे १९६३ साली ‘टेक्सास ए अँड एम विद्यापीठ’ झाले. आज तेथे सगळेच विषय शिकवतात, पण विद्यार्थ्यांना अजूनही ‘ॲगी’च म्हणतात, म्हणजे शेतकीवाले. मैदानावरच्या त्यांच्या एका घोषणेत शेतकऱ्याचे नाव येते, आणि शहरी पोरेसुद्धा ती छाती फुगवून देतात.

त्यांचा मुख्य खेळ अमेरिकन फुटबॉल. आपल्या फुटबॉलशी त्याची गल्लत करू नका. लांबट चेंडू हातात धरून पळायचे आणि समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचे, असा तो दांडगा खेळ. बाजूला अकरा गडी. मैदानाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९०४ साली एडविन काइल हे तेथे फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. खेळाच्या मैदानासाठी पैसे द्यायला कॉलेज तयार होईना. तेव्हा काइल यांनी शेतीकामासाठी स्वतःकडे असलेल्या जमिनीचा एक तुकडा कुंपण घालून पोरांना दिला, आणि पदरचे साडेसहाशे डॉलर घालून जवळच्या जत्रेच्या मैदानातला प्रेक्षकांचा जुना मांडव विकत आणला. पाचशे माणसांची सोय झाली. आज त्याच जागी एक लाखाहून अधिक माणसे बसतील एवढे स्टेडियम आहे, आणि त्याला नाव काइल यांचेच आहे. प्रयोगाच्या वाफ्यातून निघालेले एवढे मोठे पीक दुसरे कोणते असेल?

आता तो बारावा गडी. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस शहरात ॲगींचा सामना सेंटर कॉलेजशी होता. सेंटर म्हणजे नामांकित हार्वर्डलाही त्या मोसमात हरवलेला संघ. खेळ सुरू झाला आणि ॲगींचे गडी एकामागून एक जायबंदी होऊ लागले. प्रशिक्षक डेना बायबल यांनी राखीव खेळाडूंकडे पाहिले, तर माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरलेली. किंग गिल नावाचा एक विद्यार्थी वर वार्ताहरांच्या कक्षात बसून, कोणता खेळाडू कोण हे सांगत होता. तो पूर्वी संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने संघ सोडला होता. बायबल यांनी त्याला हाक मारली. गिल खाली आला, जखमी गड्याचा पोशाख अंगात चढवला आणि सामना संपेपर्यंत कडेला तयार उभा राहिला. ॲगींनी २२ विरुद्ध १४ असा सामना जिंकला. गिलला आत जावे लागलेच नाही. पुढे तो डॉक्टर झाला.

बस, एवढीच गोष्ट. त्याने एकही चेंडू धरला नाही. पण तेव्हापासून त्या विद्यापीठाचे विद्यार्थी सामना चालू असताना बाकावर बसत नाहीत. तीन-साडेतीन तास हजारो पोरे उभी असतात, हाक आली तर आम्ही तयार आहोत म्हणून. १९८३ साली प्रशिक्षक जॅकी शेरिल यांनी तर साध्या विद्यार्थ्यांतून निवडलेली एक तुकडी खरोखरच मैदानात उतरवली.

त्यांची एक कुत्रीही आहे, रेव्हेली. पहिली १९३१ साली मोटारीचा धक्का लागलेली सापडली, पोरांनी उचलून आणली. आता तिचा मान इतका की नवे विद्यार्थी तिला बाईसाहेब म्हणून बोलतात. मेलेल्या रेव्हेलींना स्टेडियमपाशी पुरतात, धावफलक दिसेल अशा बेताने. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्यांना यात हसण्यासारखे काही वाटू नये.

मात्र त्यांची एक जुनी रीत होळीची, आणि तिची गोष्ट वेगळी आहे. टेक्सास विद्यापीठाशी होणाऱ्या वार्षिक सामन्याआधी मोठी होळी पेटवायची, ही चाल १९०९ पासूनची. आधी केरकचरा, फळ्या जाळत. १९३५ साली पोरांनी एका शेतकऱ्याचे अख्खे कोठार मोडून नेले. आपल्याकडे शिमग्याला गोवऱ्या आणि कवाडे पळवतात, पण कोठार म्हणजे हद्दच झाली. मग कॉलेजने शिस्त लावली आणि पोरे स्वतः झाडे तोडून ओंडके रचू लागली. थरावर थर असे हजारो ओंडके, साठ फुटांच्या घरात उंची. कसे रचायचे ते थोरले विद्यार्थी धाकट्यांना सांगत. लेखी आराखडा नसे.

कडब्याची गंजी ज्याने रचली आहे त्याला ठाऊक असते, की वरचा थर आत पाचर मारल्यासारखा घुसला तर खालचा बाहेर फुगतो. १९९४ साली एकदा ती रास कलली होती. पावसाने जमीन भिजली, असे म्हणून ती पुन्हा उभारली गेली. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे २ वाजून ४२ मिनिटांनी, पन्नासहून अधिक मुले-मुली वर काम करत असताना, सगळी रास कोसळली. बारा जण गेले, सत्तावीस जखमी झाले. खाली कोणी जिवंत असेल म्हणून बरेचसे ओंडके हातांनी उचलावे लागले, आणि ते उचलायला फुटबॉलचा संघ धावून आला. चौकशीत हेच निघाले: खालच्या थराला पुरेसा आवळ नव्हता, आणि वरच्या ओंडक्यांनी त्यात पाचर मारली.

२६ नोव्हेंबरला ठरलेला सामना झाला. होळीच्या जागी आदल्या रात्री मेणबत्त्या लावल्या. समोरच्या विद्यापीठाच्या बँडने डोक्यावरच्या टोप्या काढून शोकाचे सूर वाजवले. ॲगी २०–१६ ने जिंकले.

अपघाताच्या जागी २००४ साली स्मारक उभे राहिले. दोन विद्यापीठांचा सामना २०११ नंतर बंद पडला होता. तो २०२४ साली पुन्हा सुरू झाला, तेव्हा होळीही आवारात परत आणावी अशी मागणी उठली. विद्यापीठाने जूनमध्ये ती साफ नाकारली. काही विद्यार्थी मात्र आवाराबाहेर, खासगी जमिनीवर, स्वतःच्या हिमतीवर होळी रचतात. तिच्यासाठी जो आराखडा केला आहे त्यात बाहेरून चार खांब असतात, आणि आतला प्रत्येक ओंडका जमिनीला टेकलेला असतो.