परमुलखातले बिऱ्हाड

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी ‘सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा,’ अशी चिटणीसांची आज्ञा झाली. शिष्यवृत्त्या, दवाखाना या विषयांवर लिहिणारे अधिकारी लोक आहेतच. तेव्हा आम्ही निराळा विषय घेतो. अलीकडे आपल्यातील बरीच कुटुंबे मुलाच्या पदवीदानास, लेकीच्या बाळंतपणास किंवा नुसते जग पाहावे म्हणून विलायतेस जाऊ लागली आहेत. 2023 च्या उन्हाळी सुटीत आम्ही पाच माणसे लंडनला जाऊन आल्यापासून जो तो आम्हांस एकच प्रश्न विचारतो : ‘तुम्ही हॉटेलात न उतरता घर घेतले होते म्हणे, ते कसे?’

भोपाळकरांस ही गोष्ट अगदीच नवी नाही. 1911 साली पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकास नवाब सुलतान जहाँ बेगम विलायतेस गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मुले व सून होती, आणि लंडनच्या मुक्कामासाठी त्यांनी शहराबाहेर रेडहिल येथे घर घेतले होते. धाकट्या सूनबाई मैमूना सुलतान यांनी या प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतरही 1914 साली निघाले. पडदा पाळणाऱ्या, आपले अन्न आपल्या हातचे खाणाऱ्या कुटुंबास स्वतःचा उंबरठा हवासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. आमच्याकडे ना संस्थान ना खानसामा. पण अडचण तीच होती. अम्मींचे वय बहात्तर, गुडघे दुखरे. मुले दोन, त्यांना दर तीन तासांनी भूक. हॉटेलच्या खोलीत बहुधा दोनच माणसे ठेवतात, म्हणजे खोल्या दोन किंवा तीन. शिवाय तिन्ही त्रिकाळ हलाल अन्न शोधत हिंडणे आले. चूल असलेले घर मिळाले, तर निम्मी काळजी मिटते.

आता आधी आमची फजिती सांगतो, कारण या लेखाचा खरा उपयोग तेथेच आहे. इंटरनेटवर आम्हांस लंडनच्या ऐन मध्यभागी एक सुरेख घर सापडले. भाडे इतरांच्या निम्मे. घरमालक म्हणविणाऱ्या गृहस्थाने फार अदबीचे पत्र लिहिले : मधल्या संस्थेचे कमिशन कशाला भरता, अर्धी रक्कम थेट बँकेत पाठवा, मी आणखी सूट देतो. आम्ही पाठविली. आठ दिवसांनी पत्रांस उत्तर येईना. मग शेजारच्या एका कॉलेजकुमाराने त्या घराचे छायाचित्र इंटरनेटवर शोधून दाखविले, तर तोच सोफा, तीच खिडकी लिस्बनच्या एका जाहिरातीत! नकाशावर रस्ता होता, पण त्यावर तो घरक्रमांकच नव्हता. वर्गात आम्ही मुलांना उत्तराचा ताळा करून पाहावयास शिकवितो, आणि स्वतः तेवढे केले नाही. गेली ती रक्कम अम्मींनी हजच्या पैशांतून बाजूला काढून दिलेली होती. ते दुःख अजून जात नाही.

तेव्हा पहिली गोष्ट : पैसे थेट कोणाच्याही खात्यात पाठवू नयेत. ज्या संकेतस्थळावर घर पाहिले, तेथेच कार्डाने भरावेत. मोठी संकेतस्थळे आपले पैसे आपण घरात पाऊल ठेवीपर्यंत स्वतःकडे राखून ठेवतात व मगच मालकास देतात. घर नसलेच, तर दाद मागण्यास जागा उरते. परदेशी खात्यात एकदा गेलेली रक्कम परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते. कमिशन वाचविण्याची गोष्ट जो काढील, त्याच्याशी पत्रव्यवहार तेथेच थांबवावा. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचावेत. ते दोन-तीन वर्षांत विखुरलेले असावेत, एकाच महिन्यात दाटलेले नसावेत.

रात्रीचे भाडे म्हणून जो आकडा ठळक छापलेला असतो, तो पुरा खर्च नव्हे. सफाईचे वेगळे, संस्थेचे वेगळे, कोठे अनामत, युरोपच्या पुष्कळ शहरांत दर माणशी दर रात्री नगरपालिकेचा करही असतो. सर्व मिळून बेरीज करावी आणि मग हॉटेलाशी तुलना करावी. तीन रात्रींसाठी घर परवडत नाही, असे आमचे मत झाले आहे; आठवडाभर राहावयाचे असेल, तरच घ्यावे.

घर पाहताना आम्ही सुंदर खिडकीकडे पाहत होतो. अम्मींच्या गुडघ्यांकडे पाहावयास हवे होते, हे पहिल्या फजितीनंतर सुचले. लंडनमध्ये आपल्याप्रमाणेच तळमजला सोडून मजले मोजतात. तिसरा मजला म्हटला की तीन जिने, आणि जुन्या घरांत लिफ्ट क्वचितच. ‘लिफ्ट आहे का? रस्त्यावरून दारापर्यंत पायऱ्या किती? न्हाणीघरात शिरताना टबात पाय उचलून टाकावा लागतो का?’ असे तीन प्रश्न आम्ही नव्या मालकिणीस लेखी विचारले. तिने पायऱ्या मोजून कळविल्या. पायऱ्या मोजणारी बाई फसविणार नाही, असे आम्हांस वाटले, आणि ते खरे ठरले. भुयारी रेल्वेच्या नकाशावर पायऱ्यांवाचून जाता येणाऱ्या स्थानकांवर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते; म्हातारी माणसे बरोबर असतील, तर त्या चिन्हाजवळ घर शोधावे. आम्ही व्हाइटचॅपलजवळ राहिलो. तेथे स्थानकात लिफ्ट आहेत, ईस्ट लंडन मशीद चालत्या अंतरावर, आणि हलाल मटणाची दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर. धाकटा अकरा वर्षांच्या आतला असल्यामुळे मोठ्यांबरोबर भुयारी रेल्वेत फुकट फिरला.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. चूल विजेची, काहींवर आपली ॲल्युमिनियमची कढई तापतच नाही. छताला धूर ओळखणारी घंटा बसविलेली असते. पहिल्याच संध्याकाळी मिरचीची फोडणी पडली आणि ती अशी किंचाळू लागली की धाकटा पलंगाखाली शिरला. खिडकी आधी उघडावी, फोडणी मग घालावी. आपल्या गोल पिना तेथील भिंतीत बसत नाहीत. तीन चपट्या पिनांचा जोड येथूनच न्यावा. लोटा मात्र विसरू नये. नळाचे थंड पाणी पिण्यास चालते. रात्री अकरा ते सकाळी सात शांतता पाळावयाची असते. मेअखेर सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. ईशाची नमाज आटोपून निजेपर्यंत अकरा वाजून जात, आणि मुले तर उजेड आहे म्हणून झोपेचे नावच घेत नसत. जाड पडदे आहेत का, हेही विचारून ठेवावे.

व्हिसा आणि घर यांतले आधी कोणते, हा घोळ पुष्कळांचा होतो. ब्रिटनच्या व्हिसासाठी घराचे पैसे आधी भरलेच पाहिजेत असे नाही. व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम गुंतवूच नये. फ्रान्स, जर्मनी, स्पेन इत्यादी देशांच्या शेंगेन व्हिसासाठी मात्र मुक्कामाचा पुरावा अर्जासोबत लागतो, म्हणून तेथे रद्द करता येईल असेच घर घ्यावे. शिवाय शहरोशहरी कायदे कडक होत आहेत, कारण पाहुण्यांस घरे दिल्याने रहिवाशांस घरे मिळेनाशी झाली, अशी तेथील लोकांची तक्रार आहे. लंडनमध्ये खास परवानगीवाचून वर्षातून 90 रात्रींपेक्षा अधिक असे भाडे घेता येत नाही. पॅरिसमध्ये जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो. बार्सेलोनाने तर 2028 च्या अखेरीपर्यंत पर्यटकांच्या घरांचे सर्व परवाने संपविण्याचे 2024 मध्ये जाहीर केले आहे. मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्यास ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

लंडनला गेलेल्या मराठी माणसाने किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर पाहून यावे. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये तेथे भाडेकरू म्हणून राहिले. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. आणि भोपाळकराने वॉटर्लू स्थानकावरून आगगाडी धरून अर्ध्या तासावरच्या वोकिंगला जावे. तेथे 1889 साली बांधलेली मशीद आहे. मशीद म्हणूनच बांधलेली ब्रिटनमधील ती पहिली इमारत. लाहोरला गव्हर्नमेंट कॉलेजचे प्रिन्सिपॉल असलेले डॉ. लाइटनर यांनी ती उभारली, आणि मोठी देणगी आपल्या शाहजहाँ बेगमांची, म्हणून तिचे नावही शाहजहाँ मशीद. ज्यांनी येथे ताजुल मसाजिदचा पाया घातला त्याच त्या. येथली एवढी प्रचंड आणि तेथली आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीएवढी. अम्मी तेथे दोन रकात पढून बराच वेळ बसून राहिल्या. परतताना गाडीत म्हणाल्या, ‘आपल्याच माणसांच्या घरी जाऊन आल्यासारखे वाटले. भाडेसुद्धा द्यावे लागले नाही.’

निघण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून घ्यावीत. पुढे कोणी काही मोडल्याचे म्हटले, तर ती उपयोगी पडतात. आम्ही भांडी घासली, कचरा सांगितलेल्या दोन पिशव्यांत वेगळा केला, किल्ली दाराजवळच्या पेटीत टाकली. अनामत सातव्या दिवशी परत आली. मालकिणीस विचारलेल्या प्रश्नांची वही आम्ही ठेवली आहे. ज्यांस हवी असेल त्यांनी न्यासाच्या कचेरीतून मागून न्यावी. मात्र उतरून घेऊन परत करावी, कारण पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन कुटुंबांनी ती आधीच सांगून ठेवली आहे.