गंजलेला पत्रा: बुजवायचा की कापून काढायचा?

पावसाळा सरला, की कोकणातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांवर जुन्या गाड्यांची गर्दी होते. कुणाची मारुती ८००, कुणाची ओम्नी, कुणाची सँट्रो. बहुतेक गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या. कुणी आखातातल्या कमाईतून घेतलेली, कुणाकडे वडिलांनंतर आलेली. इंजिन ठीक असते, टायरही बरे असतात; पण दाराखालचा पत्रा फुगलेला असतो, मडगार्डच्या कडेला भोक पडलेले असते आणि मागची चटई उचलली, तर कधी कधी थेट रस्ता दिसतो. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: "उस्ताद, स्वस्तात काय होईल?"

स्वस्तात होते ते असे. भोकावर जाळी लावायची, वरून लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासून सपाट करायची आणि रंग मारायचा. दोन दिवसांत गाडी नव्यासारखी दिसते. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतो आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा मोठे भोक पडते. म्हणून या कामातले थोडे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. काम मिस्त्रीच करील. पण समोर काय चालले आहे ते कळले, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही आणि मुलेबाळे ज्या गाडीत बसतात ती भरवशाची राहील.

गंज आतून येतो

लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले, की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले, की तो झपाट्याने वाढतो. किनाऱ्यावरच्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा पुरता सुकत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो वेगळाच. डिकीतून मासळी आणली, तर तिचे खारे पाणीही सांध्यांत मुरते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो आणि फोड दिसतो. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती मातीने आणि पानांच्या कचऱ्याने बुजली, की दाराच्या आत पाणी साचते. दाराखालच्या पोकळ पट्टीतही हेच घडते. मडगार्डच्या आतल्या ओठावर चिखल अडकून महिनोन् महिने ओला राहतो. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी चटईखाली जमते. गंज शोधायचा तो आधी या जागी.

तपासायचे कसे?

एक लहान लोहचुंबक मऊ कपड्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. खाली पत्रा असेल तर तो चिकटतो. जाड लांबी असेल तर ओढ कमी होते किंवा अजिबात राहत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. गाडी वर उचलून खालचा फ्लोअर बोथट टोकाने दाबून पाहावा. जिथे टोक आत रुतते, तिथे पत्रा संपला असे समजावे. खालून डांबराचा जाड थर दिला असेल, तर तो थोडा खरवडून बघायला सांगावे. गंजावर डांबर फासले, की ओलावा आतच कोंडतो आणि सडणे चालू राहते.

कोणते भोक किती धोक्याचे?

आपल्या लहान गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे सगळी भोके सारखी नसतात. मडगार्डच्या कडेला किंवा दाराच्या बाहेरच्या पत्र्याला भोक पडले, तर ते दिसायला वाईट असते, पण गाडीची ताकद त्यावर उभी नसते. दाराखालची पोकळ पट्टी, सीट आणि सीटबेल्ट बसवलेल्या जागा, पुढच्या शॉकअबसॉर्बरचा वरचा आधार, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि जॅक लावायची जागा मात्र जिवाशी संबंधित आहेत. बेल्ट कितीही मजबूत असला, तरी तो ज्या पत्र्याला बांधला आहे तोच सडलेला असेल, तर ऐन अपघातात तो उपयोगी पडणार नाही. इथे लांबी, फायबर किंवा एम-सील चालत नाही. इथे वेल्डिंगच हवे.

खरी दुरुस्ती

पहिले काम कापण्याचे. गंजलेला भाग ग्राइंडरने किंवा कात्रीने असा कापायचा, की सगळीकडून चकचकीत, जाड, निरोगी पत्रा लागला पाहिजे. भोक रुपयाएवढे दिसत होते आणि कापल्यावर तळहाताएवढे झाले, तर मिस्त्रीवर रागावू नये. तो प्रामाणिकपणे काम करतो आहे.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढायची. जवळची सीट, चटई, वायरी बाजूला करायच्या. पेट्रोलची टाकी किंवा नळी, गॅसची टाकी जवळ असेल, तर ती आधी उतरवायची. वाळूची बादली आणि आग विझवायचे सिलिंडर हाताशी असावे. आपल्या गाडीच्या कामात हे दिसले नाही, तर मालकाने स्वतः विचारावे.

मग मूळ पत्र्याच्याच जाडीचा तुकडा कापून, वाकवून त्या जागी बसवायचा. बॉडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटरहून पातळ असतो. गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते आणि असा पत्रा वाकडातिकडा होतो. सीओटू वेल्डिंगने हे काम जास्त नीट होते. त्यातही एका टोकापासून सलग ओढत न जाता, इकडे एक टाका, समोर दुसरा, असे थंड होऊ देत जोड पुरा करायचा. नंतर जोड घासायचा आणि सांध्यावर सीलर लावायचा, म्हणजे तिथून पाणी शिरत नाही.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर बसला पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत नुसता घासलेला पत्रा रात्रभर ठेवला, तर सकाळी त्यावर तांबूस छटा येते. जिथे गंज फक्त वरवरचा आहे आणि पत्रा शाबूत आहे, तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावता येते. ते उरलेल्या गंजाचे टिकाऊ थरात रूपांतर करते. भोक पडलेल्या जागी मात्र त्याचा उपयोग नाही, कारण रूपांतर करायला तिथे लोखंडच उरलेले नसते.

लांबी वाईट नाही. तिची जागा शेवटी आहे. जोडाचा उंचसखलपणा भरायला दोन-तीन मिलिमीटरचा थर पुरतो. ती पाणी शोषून घेते, म्हणून ती कोरडीच घासावी आणि लवकर प्रायमरने झाकावी. नंतर रंग. सर्वांत शेवटी, पोकळ भागांच्या आत मेणासारखे गंजरोधक फवारायला सांगावे. रंग बाहेर दिसतो. गाडी टिकते ती या आतल्या फवाऱ्याने. निचऱ्याची भोके मात्र त्यात बुजता कामा नयेत.

खर्च करावा की नाही?

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. ही मुदत जवळ आली असेल, तर आधी गाडी उचलून खालून पाहावी आणि मगच रंगाचा विचार करावा. एक-दोन जागी भोके असतील, तर दुरुस्ती फायद्याची ठरते. चांगली चालणारी वस्तू फेकून देणे हाही इस्राफच. पण दाराखालच्या दोन्ही पट्ट्या, फ्लोअर आणि सस्पेन्शनचे जोड सगळेच सडले असतील, तर माया आवरावी आणि गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. किनाऱ्यावर गाडी नेली, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चटया काढून वाळवाव्यात. निचऱ्याची भोके काडीने मोकळी करावीत. दगड लागून रंग उडाला, तर तेवढ्या जागी लगेच प्रायमर आणि रंगाचा ठिपका द्यावा. ही कामे घरातली मुलेही हौसेने करतात.

विकताना काय सांगायचे?

जुनी गाडी विकण्याआधी "थोडी लांबी भरून चकाचक करून द्या" असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटतही नाही. सहीह मुस्लिममधील हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. वरून कोरडे आणि आतून भिजलेले ते धान्य आणि वरून चकचकीत, आतून सडलेला हा पत्रा यांत आम्हाला फरक दिसत नाही. लपवलेला दोष नंतर उघड झाला, तर खरेदीदाराला सौदा परत करण्याचा हक्क आहे. फिकहमध्ये त्याला 'खियारे-ऐब' म्हणतात.

धान्य सडके निघाले, तर माणसाचे पैसे बुडतात. गाडीचा पत्रा सडका निघाला, तर एखाद्या घरचे माणूस जाऊ शकते. म्हणून गाडी दाखवताना चटई आपणच उचलावी, कुठे वेल्डिंग झाले आहे आणि कुठे व्हायचे आहे ते बोट ठेवून सांगावे आणि त्याप्रमाणे किंमत कमी करावी. चार-पाच हजार कमी येतील. ते हलाल असतील, आणि गाडी घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला आपण काय सोपवले आहे, हे त्यांनाही माहीत असेल.