समुद्र आधी विहिरीत येतो

समुद्राची पातळी वाढते आहे म्हटले की डोळ्यांपुढे खचलेला किनारा आणि उन्मळून पडलेले माड येतात. ते नुकसान खरेच आहे. पण गोवा-कोकणासारख्या खाड्यांच्या मुलखात समुद्राची चढाई ओळखायची, तर वाळूच्या पट्ट्याकडे पाठ करून खाडीकाठची शेते आणि विहिरी पाहाव्या लागतील. तिथे समुद्र लाटांचा आवाज न करता खारेपणाच्या रूपाने आत येतो. गोव्यातली खाजणे ही त्याची उघड साक्ष. भरतीच्या पातळीहून सखल असलेल्या या जमिनी शतकानुशतके बांध आणि मानस, म्हणजे बांधातली झडपेची दारे, यांच्या आधारावर पिकल्या. मानशीची दारे ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. पावसाचे पाणी मातीतले मीठ धुऊन काढते आणि खारेपणा सोसणारे कोरगुट भात उभे राहते.

या सगळ्या रचनेचा हिशेब समुद्राच्या एका ठरावीक पातळीवर बांधलेला आहे. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. मुख्य कारणे दोन: तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्राला मिळतो. भरती-ओहोटीच रोज मीटर-दोन मीटर वरखाली होते, तिथे वीतभर वाढीचे काय मोठेसे, असे कुणी विचारील. पण बांधाला रोजच्या भरतीची नव्हे, वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाची धास्ती असते आणि ते उधाण आता चढलेल्या पायावर उभे राहते. मे 2021 मधल्या तौक्तेसारख्या चक्रीवादळाची त्यात भर पडली, तर उरलीसुरली उंचीही अपुरी ठरू शकते. शिवाय बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय मानस उघडतच नाही. समुद्र चढला की पाण्याचा निचरा होण्याची वेळ घटते आणि थोड्या वेळात कोसळणारा पाऊस शेतातच तुंबतो.

जमिनीखालीही तोल असाच नाजूक आहे. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. ढोबळ नियम असा, की सच्छिद्र थरात गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा मीटरभर वर असेल, तर त्याखाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत पाणी गोडे राहते. वरचे मीटरभर पाणी उपसून गेले, की खालचा आधारही जातो. समुद्र चढला तरी हा फरक घटतो. विहीर मचूळ होण्यासाठी समुद्राने उंबरठा ओलांडायची गरज नसते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा हवामानबदल नसून हलगर्जीपणा आहे. त्यात तथ्य आहे. गावकरी संस्थांकडे असलेली बांधांची देखभाल कूळकायद्यानंतर कुळांच्या संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ढिली पडली. मासळीसाठी मानशींशी छेडछाड होते, तर हॉटेले आणि वसाहती भूजल उपसतात. परंतु हे दोन खुलासे एकमेकांना खोडून काढत नाहीत. पूर्वी पडलेले भगदाड एका हंगामात बुजवता येई, कारण हाताशी उंचीची शिल्लक होती. आज तीच शिल्लक आटते आहे, त्यामुळे जुन्या चुकीची किंमत वाढली आहे. म्हणून बांध पूर्वीच्या उंचीला नेऊन दुरुस्ती झाली म्हणणे पुरेसे नाही. उंची येत्या दशकांच्या पातळीनुसार ठरवावी, खाडीकाठच्या विहिरींतला खारेपणा नियमित मोजून गावापुढे मांडावा आणि तो वाढताच उपशावर मर्यादा घालावी. जगाचे तापमान एका गावाच्या हातात नाही. बांध, मानस आणि पंप मात्र आहेत.