जुन्या राउटरला नवे फर्मवेअर

घरातला वायरलेस राउटर हा एक लहान संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, थोडी रॅम असते आणि वीज गेली तरी मजकूर टिकवून ठेवणारी फ्लॅश मेमरी असते. या फ्लॅशमध्ये कायम मुक्कामाला असलेली कार्यप्रणाली म्हणजे फर्मवेअर. इंटरनेटची जोडणी उभी करणे, घरातल्या प्रत्येक मोबाइलला आणि टीव्हीला पत्ता देणे, वायफायचा पासवर्ड तपासणे, बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणे ही सगळी कामे तेच करते. राउटर बनवणारी कंपनी काही वर्षे त्यात सुधारणा देते आणि मग थांबते. यंत्र धडधाकट असते, पण त्यातल्या नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवायला कोणी उरत नाही. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतल्या किमान पाच लाख उपकरणांत तो शिरल्याचा अंदाज होता. त्यांत मुख्यतः घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले राउटर होते.

कंपनीचे फर्मवेअर काढून मुक्त स्रोत फर्मवेअर घालण्याची सोय झाली ती एका परवान्यामुळे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स असल्याचे २००३ मध्ये काही जाणकारांनी हुडकून काढले. लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की, या कोडवर बेतलेला प्रोग्राम ज्याला दिला, त्याला त्याचा मूळ कोडही मिळाला पाहिजे. लिंकसिस तोवर सिस्को या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली होती. मागणीचा रेटा वाढल्यावर कोड खुला झाला आणि त्याच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही भावंडेही त्याच राउटरच्या अंगणात वाढली. मधल्या काळात ओपनडब्ल्यूआरटीत फूट पडली, २०१६ मध्ये एलईडीई नावाने वेगळी चूल मांडली गेली आणि २०१८ च्या आरंभी दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. आज शेकडो प्रकारच्या राउटरांवर हे फर्मवेअर चालते.

शेकडो म्हणजे सगळे नव्हेत, आणि या कामातला खरा निर्णय इथेच होतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या राउटरच्या आतले भाग कंपनी गाजावाजा न करता बदलते. डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी प्रणाली आली आणि फ्लॅश चार मेगाबाइटवरून दोनवर उतरली. हौशी लोकांची नाराजी इतकी झाली की, लिनक्सवाला डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळ्या नावाने बाजारात आणावा लागला. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ या लोकप्रिय राउटरचीही तीच गत आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीतला पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ ओपनडब्ल्यूआरटीला चालवता येत नाही, दुसऱ्या आवृत्तीतला येतो. म्हणून खोक्यावरचे मोठे नाव पुरत नाही. राउटरच्या पोटाखालच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेला आवृत्ती क्रमांक पाहावा लागतो.

आठ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम ही आजची किमान गरज मानली जाते. याच्या दुप्पट असेल तर हातपाय पसरता येतात. चिप कोणाची हेही महत्त्वाचे. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपांना खुली चालक-प्रणाली आहे. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांना ती फारशी नाही, त्यामुळे महागडा राउटरही या बाबतीत कुचकामी ठरू शकतो. भारतात फायबर जोडणीसोबत मिळणारे ओएनटीचे खोके सहसा हे फर्मवेअर चालणाऱ्या उपकरणांत नसते आणि त्याच्या वाटेला जाऊही नये. सेवादाराकडून ते ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावे आणि स्वतःचा राउटर त्याच्या मागे जोडावा.

प्रत्यक्ष बदल करायला फार वेळ लागत नाही. इंटरनेट पीपीपीओई पद्धतीने येत असेल, तर केबलवाल्याने दिलेले वापरनाव आणि पासवर्ड आधी कागदावर उतरवून ठेवावे लागतात, कारण जुने फर्मवेअर पुसले की तेही जाते. त्याच आवृत्तीसाठीची फॅक्टरी प्रतिमा उतरवून तिची एसएचए-२५६ खूण जुळते का ते तपासतात. संगणक वायफायने न जोडता लॅन केबलने जोडतात आणि कंपनीच्याच ‘फर्मवेअर अपग्रेड’ पानावरून ही फाइल चढवतात. काही कंपन्या स्वतःची सही नसलेली फाइल नाकारतात. तिथे वाट अधिक वाकडी असते. फ्लॅश लिहिली जात असताना वीज जाता कामा नये, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर असलेला बरा.

काही बिघडले आणि राउटर ‘ब्रिक’ झाला, तरी बहुतेक वेळा तो परत आणता येतो. सुरुवातीला चालणारा बूटलोडर शाबूत असेल, तर अनेक राउटर टीएफटीपीने नवी प्रतिमा घेतात. तेही जमले नाही, तर आतल्या सीरियल पिनांना ३.३ व्होल्टचा अडॅप्टर जोडावा लागतो. हे काम सोल्डरिंगची सवय असलेल्याचे.

पहिल्यांदा सुरू झालेला राउटर पाहून अनेकांना शंका येते, कारण वायफाय दिसतच नाही. ओपनडब्ल्यूआरटीत ते सहसा मुद्दाम बंद ठेवलेले असते. केबलने १९२.१६८.१.१ या पत्त्यावर गेले की लुसी नावाचे नियंत्रण पान उघडते. रूट खात्याला सुरुवातीला पासवर्ड नसतो. तो घालणे हे पहिले काम. मग देश म्हणून भारत निवडून वायफाय सुरू करायचे. देशाची निवड दिखाऊ नाही. कोणत्या वाहिन्या आणि किती शक्ती वापरायची हे त्यावर ठरते आणि ती मर्यादा कायद्याची आहे.

आतली रचना जाणून घेण्यासारखी आहे. मूळ प्रणाली फक्त वाचता येणाऱ्या, दाबून बसवलेल्या भागात असते आणि मालकाने केलेले सगळे बदल वरच्या वेगळ्या थरात साठतात. चुकीच्या मांडणीने दार बंद झाले, तर फेलसेफ नावाच्या अवस्थेत राउटर तो थर बाजूला ठेवून सुरू होतो. चूक दुरुस्त करता येते, किंवा थरच पुसून कोरी सुरुवात करता येते.

या फर्मवेअरचा रोजच्या वापरात सर्वांत जाणवणारा लाभ फारसा जाहिरातीत येत नाही. कोणीतरी मोठी फाइल वर पाठवू लागले की त्याच घरातला व्हिडिओ कॉल अडखळतो. कारण मोडेममध्ये किंवा राउटरमध्ये पाकिटांची लांब रांग साचते. एक मेगाबाइटची रांग दहा मेगाबिटच्या जोडणीवरून बाहेर पडायला ०.८ सेकंद घेते, आणि मागून आलेले बोलण्याचे इवलेसे पाकीट तेवढा वेळ ताटकळते. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांग आटोक्यात ठेवण्याची रीत मांडली. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल आणि केक ही तंत्रे ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम या पॅकेजमधून वापरता येतात. जोडणीच्या मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरला की रांग राउटरच्या ताब्यात येते. थोडा वेग सोडून कॉल सुरळीत मिळतो. हा सौदा घाट्याचा नाही. मात्र हे काम प्रोसेसर करतो. हार्डवेअरच्या मदतीने पाकिटे भरधाव ढकलण्याची सोय त्याच्यासोबत वापरता येत नाही, त्यामुळे जुन्या राउटरवर कित्येक शे मेगाबिटच्या जोडणीला एसक्यूएम झेपत नाही.

जाहिराती गाळणे, घराबाहेरून वायरगार्डने आत येणे, पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट बल्बसाठी वेगळे जाळे करणे हेही होते, पण प्रत्येक पॅकेज फ्लॅशमधली जागा खाते.

ज्यांना जुन्या राउटरशी झटापट नको, त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर २०२४ च्या अखेरीस आला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने प्रकल्पाच्या साथीने तो आणला आणि बनाना पाय या उत्पादकाने तो बनवला. त्यात मीडियाटेकची चिप आणि एक गिगाबाइट रॅम आहे. मुख्य फ्लॅशखेरीज सावरण्यासाठीची प्रणाली राखणारी दुसरी फ्लॅशही आहे, त्यामुळे तो ब्रिक होणे जवळपास अशक्य.

नवे फर्मवेअर घातल्यावर मालकच देखभालदार होतो. प्रत्येक आवृत्तीमालिकेला ठरावीक काळच सुरक्षा-सुधारणा मिळतात, आणि पुढची मालिका आली की काही महिन्यांत जुनीचा आधार संपतो. नवी सिसअपग्रेड प्रतिमा चढवताना वायफायची नावे आणि पासवर्ड जपता येतात, पण वरून घातलेली पॅकेजे साध्या पद्धतीत पुन्हा बसवावी लागतात. त्यासाठी आधी मांडणीची बॅकअप फाइल उतरवून संगणकावर ठेवतात आणि पॅकेजांची यादी तिच्याशेजारी लिहून ठेवतात.