आजारी विद्यार्थ्याचे महाविद्यालयांतर

थॅलसेमियाच्या तीव्र प्रकारात दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागते. माझी एक जुनी विद्यार्थिनी या व्याधीने ग्रस्त आहे. दूरच्या महाविद्यालयात तिची हजेरी भरेना, गुण घसरले. रुग्णालयाजवळच्या महाविद्यालयात जावे, तर गुणपत्रिका दाखविण्याची तिला लाज वाटे. आजाराची मात्र मुळीच नाही!

नापास विषय पुन्हा द्यावेच लागतात. पण उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक बुडतातच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांन्वये ते श्रेयांक-पेढीत जास्तीत जास्त ७ वर्षे राहतात. मात्र दोन्ही संस्था त्या योजनेत सहभागी हव्यात. शिवाय २०१६ च्या कायद्याने थॅलसेमिया, हिमोफिलिया व सिकल सेल या व्याधी दिव्यांगत्वात गणल्या आहेत. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत मिळू शकते.

अर्जात करुणरसाचे वर्णन नको, तारखा हव्यात. आम्ही रक्त घेतल्याच्या तारखा व गैरहजेरीचे दिवस एका कागदावर शेजारी शेजारी मांडले. प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि प्रवेशपत्रिका मागविली.