कात टाकण्यापूर्वी

माझ्या गालांवर वांग आले ते धाकट्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा. आईने जायफळ दुधात उगाळून लावायला सांगितलं, सासूबाईंनी मसुराची डाळ वाटून दिली. डाग काही जागचे हलले नाहीत आणि शाळा, डबे, दुखणीखुपणी या रगाड्यात मलाही त्यांच्याकडे बघायला सवड झाली नाही. वीसएक वर्षं आम्ही एकमेकांना सांभाळून घेतलं.

मग थोरल्याचं लग्न ठरलं आणि माझ्यातली वरमाय जागी झाली. विहीणबाई माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण चेहरा कसा नितळ! लग्नाला अठरा दिवस उरले असताना मी एका पार्लरची पायरी चढले. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, पील करून घ्या. फळांचं अ‍ॅसिड असतं, एकदम नॅचरल." फळांचं म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. चिंच-लिंबं पिळण्यात जन्म गेलेल्या बाईला आंबटाची कसली भीती?

थोड्याच वेळात गाल चरचरू लागले. "एवढं होतंच, काकू," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांतून फिरत होते. आठवड्याभरात गालांची साल निघाली आणि खाली वांगांपेक्षाही गडद पट्टे उमटले. लग्नाच्या अल्बममध्ये मी जवळजवळ प्रत्येक फोटोत तोंड वळवून उभी आहे.

लग्नानंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच वाक्य सांगितलं, ते मी अजून विसरले नाही. "पील म्हणजे मुद्दाम, मोजूनमापून केलेली जखम. गुण येतो तो ती जखम नीट भरून आली तर."

आपली वरची त्वचा साधारण चार आठवड्यांत नवी होत असते. वय वाढलं की हा वेग मंदावतो, मृत पेशी साचतात, चेहरा निस्तेज दिसतो. आम्लाने या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि कात लवकर पडते. कल्पना जुनीच आहे. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल गर्सन उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल वगैरेंचा त्वचेवर होणारा परिणाम नोंदवून ठेवला होता. आज ज्याला 'फळांचं' म्हणतात त्या आम्लांचा उपयोग अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या जोडीने १९७४ साली दाखवला. तोही सौंदर्यासाठी नव्हे, तर माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होण्याच्या विकारावर.

या आम्लांमध्येही प्रती आहेत. ग्लायकोलिक उसात असतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधात, मँडेलिक कडू बदामाशी नातं सांगणारं. मँडेलिकचे रेणू मोठे, म्हणून ते सावकाश आत शिरतं आणि सावळ्या त्वचेला बहुधा मानवतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून मुरुमांना उपयोगी. त्याहून खोल जातं ते ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक. सर्वांत खोल जाणारं फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, त्यामुळे ते हृदयावर यंत्राने लक्ष ठेवूनच वापरावं लागतं. आपल्या वर्णाच्या लोकांना ते सहसा देत नाहीत.

राहिला 'नॅचरल'चा प्रश्न. बाजारातलं ग्लायकोलिक बहुतेक कारखान्यातच तयार होतं, आणि ते थेट उसातून काढलं असतं तरी गालाला फरक पडला नसता. त्याची तीव्रता किती, किती वेळ ठेवलं आणि वेळेवर निष्प्रभ केलं की नाही, यावर सारं अवलंबून.

माझे गाल काळे का पडले? कुकरच्या वाफेने हात भाजला तर डाग महिनोन् महिने काळा राहतो, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. सावळ्या-गव्हाळ त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी दुखावल्या की जास्त रंग ओततात. त्यात नव्या, कोवळ्या त्वचेवर मी लक्ष्मी रोडचं ऊन घेतलं.

म्हणून जाणकार डॉक्टर पहिल्याच दिवशी पील करत नाहीत. आधी दोन-चार आठवडे मलमांनी त्वचेची तयारी, आधी छोट्याशा जागेवर चाचणी. दिवस गेलेत का, ओठांवर वारंवार जर उठतात का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, जखमेचे वण फुगतात का, हे सगळं विचारतात. आधीचे काही दिवस ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. नंतर खपली ओढायची नाही आणि सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावायचं. अपेक्षाही बेताचीच ठेवायची. वरवरच्या पीलने बारीक रेषा आणि वरच्या थरातले डाग फिकट होतात. खोल मुरलेले वांग पुरते जात नाहीत, आणि लोंबलेली कातडी तर मुळीच वर चढत नाही.

माझे पट्टे जायला सात महिने लागले, तेही मलम, सनस्क्रीन आणि छत्री यांच्या बळावर. त्यानंतर सौम्य पीलच्या चार बैठका झाल्या. वांग फिकट झाले, गेले नाहीत. उन्हाळ्यात ते पुन्हा डोकं वर काढतात. आमचं जुनं जमलेलं आहे.

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, पील करून घेऊ का गं? तू केलं होतंस ना?"

मी विचारलं, "साखरपुडा कधी आहे?"

"पुढच्या रविवारी."

"मग साखरपुड्याला आहे तीच राहा," मी म्हटलं. "त्यानंतर आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. आणि येताना छत्री आण."