जुन्या मोटारसायकलीला पर्यायी कार्ब्युरेटर

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम हे ठिकाण बहुतेकांना तेथील विमानतळामुळे ठाऊक आहे. हा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ५ मीटर उंचीवर आहे. अशा सखल प्रदेशात उत्तम चालणारी एखादी जुनी बुलेट मोटारसायकल घेऊन तिचा मालक सुमारे २,००० मीटर उंचीवरील दार्जिलिंगला गेला, तर चढावर एंजिन गुदमरू लागते व सायलेन्सरमधून काळसर धूर येतो. वास्तविक एंजिनात काहीही बिघडलेले नसते. बदललेली असते ती हवा. हे कसे घडते ते नीट समजले, म्हणजे जुन्या गाडीसाठी दुसरा कार्ब्युरेटर निवडताना काय पाहावे, याचाही उलगडा होतो.

कार्ब्युरेटरचे कार्य

हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून देणारे उपकरण म्हणजे कार्ब्युरेटर होय. एंजिनाचा दट्ट्या खाली जाऊ लागला की बाहेरील हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून आत धावते. गळ्यात तिचा वेग वाढतो. आणि वेग वाढला की दाब उतरतो, हे बर्नुली या शास्त्रज्ञाने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. त्यामुळे ते जेट नावाच्या सूक्ष्म छिद्रातून वर चढते व हवेत फवारले जाते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते; म्हणजेच एका लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवा हवी.

दार्जिलिंगच्या उंचीवर हवेची घनता डमडमच्या सुमारे चार पंचमांश असते. हवा विरळ झाली तरी जेटमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही, आणि मिश्रण सुमारे दहा टक्क्यांनी समृद्ध, म्हणजे पेट्रोलाने अधिक भरलेले होते. महाबळेश्वरचा घाट चढणाऱ्या जुन्या गाडीलाही थोड्या प्रमाणात हाच अनुभव येतो.

पर्याय शोधण्याची वेळ का येते

बुलेटची जुळणी मद्रासमध्ये १९५५ पासून होऊ लागली. जुन्या बुलेटवर बर्मिंगहॅमच्या अमल कंपनीचा कार्ब्युरेटर असे. पुढे भारतीय बनावटीच्या ३५० सीसी बुलेटवर मिकार्बचा २४ मिलिमीटर गळ्याचा कार्ब्युरेटर आला. म्हैसूरच्या जावा व येझदी गाड्यांवर मूळच्या चेकोस्लोव्हाकियातील जिकोव्ह पद्धतीचा कार्ब्युरेटर असे. तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. इकडे जुन्या कार्ब्युरेटरमधील सरकती झडप वर्षानुवर्षे घासून झिजते, तिच्या कडेने जादा हवा शिरते, आणि कितीही स्क्रू फिरवला तरी एंजिन मंद गतीवर स्थिर राहत नाही. मग मालक कोलकात्याच्या मल्लिक बाजारासारख्या सुट्या भागांच्या बाजारात जातो आणि 'बसेल तो' कार्ब्युरेटर घेऊन येतो. चूक होते ती येथेच. बोल्ट जुळले म्हणजे कार्ब्युरेटर जुळला, असे नव्हे.

गळ्याचा व्यास

३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. यावरून आकारमान ३४६ घन सेंटिमीटर येते. चार धावांचे एंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते. तेव्हा मिनिटाला ५,००० फेऱ्या होत असता, सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असे मानल्यास, ते मिनिटाला ८६५ लिटर हवा ओढील. ही सारी हवा गळ्यातूनच जावयाची असते. आता २४ ऐवजी ३० मिलिमीटर गळ्याचा कार्ब्युरेटर बसविला, तर गळ्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते व हवेचा वेग पूर्वीच्या ६४ टक्क्यांवर येतो. दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने पेट्रोल ओढणारा जोर केवळ ४१ टक्के उरतो. कमी गतीवर एंजिन अडखळते ते यामुळे. म्हणून पर्यायी कार्ब्युरेटरचा गळा मूळच्या मापाचाच घ्यावा, हे उत्तम.

जेट व सुई

व्यास जुळल्यावर जेट पाहावेत. त्यांवरील आकडे फसवे असतात. अमलच्या जेटवरील आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहते ते सांगतो, तर इटलीच्या डेलॉर्टो कंपनीचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांश भागांत देतो. तेव्हा आकडा सारखा असला तरी दोन कंपन्यांचे जेट सारखे ठरत नाहीत. दोन धावांच्या एंजिनासाठी बनविलेला कार्ब्युरेटर चार धावांच्या एंजिनाला लावणेही अयोग्य. दोहोंची रचना पुष्कळदा वेगळी असते.

चाचणी टप्प्याटप्प्याने करावी. थ्रॉटल जवळजवळ बंद असता लहान जेटचे, किंचित उघडल्यावर सरकत्या झडपेच्या कापाचे, मध्यावर सुईचे आणि पूर्ण उघडल्यावर मोठ्या जेटचे नियंत्रण असते. कोणत्या टप्प्यावर गाडी अडखळते ते पाहिले की दोषाचे स्थान कळते. शेवटी स्पार्क प्लग काढून पाहावा. बदामी रंग योग्य मिश्रणाचा, काजळी समृद्ध मिश्रणाची आणि पांढुरकेपणा पेट्रोल कमी पडल्याचा निदर्शक होय. यांतील शेवटचा दोष सर्वांत घातक. कारण अशा मिश्रणाने एंजिन अतिशय तापते व प्रसंगी दट्ट्या सिलिंडरात जखडून बसतो. काजळीने पेट्रोल वाया जाते. जखडलेल्या दट्ट्याने एंजिनच जाते.

नवे इंधन

आज या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पेट्रोलात २० टक्के एथॅनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले. एथॅनॉलला वजनाने केवळ नऊ पट हवा लागते. त्यामुळे जुनेच जेट ठेवले तर मिश्रणात इंधन कमी पडू लागते. शिवाय एथॅनॉल पाणी शोषते. डमडमसारख्या दमट हवेत गाडी पुष्कळ दिवस उभी राहिल्यास कार्ब्युरेटरची वाटी गंजू शकते, आणि जुन्या रबरी वेष्टण्या फुगतात किंवा कडक होतात. म्हणून गाडी दीर्घकाळ ठेवावयाची असेल, तर वाटी रिकामी करावी.

सारांश, कार्ब्युरेटर हा एंजिनाला नुसता जोडावयाचा भाग नसून, एंजिन, हवा व इंधन या तिघांशी जुळवावयाचे मोजमापाचे साधन आहे. जुना कार्ब्युरेटर टाकून देण्यापूर्वी त्याच्या गळ्याचे माप, जेटवरील आकडे व सुईच्या खाचेचे स्थान वहीत टिपून ठेवावे. तो निकामी झाला असला, तरी नव्याची निवड करताना त्याच्याइतका भरवशाचा मार्गदर्शक दुसरा नाही.